घराजवळील झाडांची छाटणी व ती करणारा कसबी माणूस

शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांतील शेतकऱ्यास झाडावर कोयता चालविणें नवें नाहीं. ऐन, किंजळ इत्यादि झाडांचा टहाळ तोडून वाळवावयाचा, शेण, पालापाचोळा व माती यांच्या थरांसह तो रोपाच्या जागेवर पसरावयाचा आणि उन्हाळ्यांत भाजावयाचा, ही राबाची पद्धति येथें पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ह्या टहाळाचें महत्त्व इतकें होतें कीं, जंगलांतील तोडीवर सरकारनें निर्बंध घातल्यावर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतून उठलेल्या तक्रारींचा विचार १८८५ सालीं नेमलेल्या मुंबई इलाख्याच्या जंगल कमिशनास करावा लागला. तथापि ह्या जुन्या संवयीमुळेंच एक गैरसमज रूढ झाला आहे. ज्यास राबासाठीं टहाळ तोडतां येतो, त्यास घराजवळचें झाडहि छाटतां येतें, असें आपण धरून चालतों. हीं दोन कामें भिन्न आहेत, आणि दुसऱ्यासाठीं जाणता माणूस योग्य मजुरी देऊन बोलावणें हाच अंतीं स्वस्त मार्ग आहे, हें ह्या लेखांत दाखवावयाचें आहे.

दोन कामांतील भेद

राबाच्या तोडींत आपणांस पाला हवा असतो. झाड बांधावर किंवा वरकस जमिनींत उभें असतें. फांदी कोठेंहि पडली तरी नुकसान नाहीं. ऐनासारखें झाड पुनःपुन्हां बोडकें केलें तरी फुटत राहतें. घराजवळील आंबा, फणस, चिंच वा जांभूळ यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या खालीं कौलें, गोठा, विहीर व विजेची तार असते. येथें पाला नको असतो. झाड आणि घर दोन्ही सुरक्षित हवीं असतात.

ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलें आणि पुढील वर्षाच्या मे महिन्यांत तौक्ते वादळ कोंकण किनाऱ्यालगत गेलें. अशा वादळानंतर भीतीनें झाडाचा शेंडाच उडविण्याकडे मनाचा कल होतो. परंतु शेंडा मारलेल्या झाडास कापाच्या कडेनें जे धुमारे फुटतात, ते खोडांत खोलवर रुजलेले नसतात. कापाची जागा आंतून कुजूं लागते, धुमारे मात्र जाड व जड होत जातात. आणि कांहीं वर्षांनीं तेच वाऱ्यानें मोडून छपरावर येतात. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या व घरावर झुकलेल्या फांद्या काढून वाऱ्यास वाट करून देणें ही खरी छाटणी होय. एका वर्षांत शेंड्याचा चौथाईहून अधिक भाग काढूं नये.

काप कोठें व कसा द्यावा

फांदी जेथें खोडास मिळते, तेथें सालीची एक फुगीर वळी दिसते. काप ह्या वळीच्या किंचित्‌ बाहेर द्यावा. खोडाशीं सपाट कापल्यास वळी नष्ट होते व जखम भरत नाहीं. लांब खुंट ठेवल्यास तो कुजतो व ती कूज पुढें खोडांत शिरते. अमेरिकेच्या वन खात्यांतील शास्त्रज्ञ अलेक्स शायगो यांनीं गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत हजारों झाडें उभीं चिरून ही गोष्ट सिद्ध केली.

जड फांदी तीन कापांनीं उतरवावी. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर खालून, फांदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. दुसरा त्याच्या थोडा पुढें वरून. व फांदी पडल्यावर उरलेला खुंट वळीजवळ तिसऱ्या कापानें. पहिला काप न दिल्यास फांदी पडतांना खोडाची साल हातभर खालीं सोलून नेते. ह्या कामास कुऱ्हाडीपेक्षां करवत चांगली. आंब्याच्या मोठ्या कापावर १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी ह्या प्रमाणाचा बोर्डो मलम लावावा. खोडांत भिरूड शिरलें आहे कीं काय, हें पुढील पावसाळ्यापर्यंत पाहत जावें.

आंब्याची छाटणी फळें उतरल्यावर, पण पावसाचा जोर होण्यापूर्वीं करावी. धोक्याची किंवा वाळलेली फांदी मात्र केव्हांहि काढावी.

माणूस कसा पारखावा

ह्या भागांतील ठाकूर व कातकरी समाजांत झाडावर चढण्याची कला अवगत असलेलीं माणसें पुष्कळ आहेत. शहरांतून यंत्रकरवत घेऊन येणारे कंत्राटदारहि आतां मिळतात. कोणासहि बोलावण्यापूर्वीं त्यानें दोन-तीन वर्षांपूर्वीं छाटलेलें एखादें झाड पाहावें. कापाभोंवतीं सालीचें कडें चढून जखम मिटत आली असेल, तर माणूस जाणता समजावा. कुजके खुंट दिसल्यास दुसरा शोधावा. नंतर त्यास आपल्या झाडाखालीं उभें करून विचारावें : कोणती फांदी आधीं काढणार, ती कोठें पडेल, आणि दोर कोठें बांधणार? जो झाडाभोंवतीं एक फेरी मारतो, खोड ठोकून पोकळ आवाज ऐकतो, वर मोहोळ किंवा तांबड्या मुंग्यांचें घरटें आहे कां हें पाहतो आणि मगच बोलतो, तोच आपला माणूस.

बरींच कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडाशीं परततात. म्हणून ऐन वेळीं धांवाधांव न करितां काम आधींच ठरवावें. त्यासाठीं उचल देऊन माणूस बांधून ठेवण्याची रीत मात्र आम्हांस मान्य नाहीं. मजुरी काम झाल्या दिवशींच हातांत द्यावी.

लांकडाच्या मोबदल्यांतील छाटणी

"पैसे नकोत, निघेल तें लांकूड आमचें," असा सौदा अनेकांस फुकटाचा वाटतो. वस्तुतः तोच सर्वांत महाग पडतो. ज्याची मजुरी लांकडांत आहे, त्याचा लाभ जाड व निरोगी फांदींत असतो. आपणांस काढावयाची असते ती बारीक, वाळकी व वांकडी फांदी. दोघांचे हितसंबंध असे उलट असतां झाडाचें बरें होणें कठीण. यासाठीं रोख रोजानें काम द्यावें, काढावयाच्या फांद्यांवर आधीं चुन्याची खूण करावी आणि सरपण घरींच ठेवावें. झाडागणिक मक्ता दिल्यास घाई होते, व घाईंत माणूस पडतो.

जिवाची जोखीम

राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंत उंचावरून पडून होणारा अपघात धरलेला आहे. परंतु तिचा लाभ खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबांतील एका व्यक्तीपुरता आहे. आपल्या झाडावर चढणारा माणूस बहुधा भूमिहीन असतो. म्हणजे झाडाच्या धन्यास संरक्षण, आणि धन्यासाठीं जीव धोक्यांत घालणाऱ्यास कांहीं नाहीं. ही उणीव भरून काढण्यास फार खर्च नाहीं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता २०२२ च्या जूनपासून वर्षास २० रुपये आहे. १८ ते ७० वर्षें वयाच्या बँक खातेदारास ती खुली असून अपघाती मृत्यूस २ लाख रुपये मिळतात. तिचें वर्ष १ जून ते ३१ मे असतें. छाटणाऱ्याचा विमा चालू आहे कां हें विचारावें. नसल्यास हप्ता आपण भरावा व मगच त्यास झाडावर चढूं द्यावें.

त्याच्या कमरेचा दोर कापावयाच्या फांदीस नव्हे, तर वरच्या जिवंत व जाड फांदीस बांधलेला असावा. खालीं दोन माणसें हवींत. त्यांपैकीं एकानें मुलें व गुरें दूर ठेवावींत. साल ओली असतां किंवा वळवाचें आभाळ भरून आलें असतां काम थांबवावें. तार जवळ असल्यास महावितरणच्या कचेरींत कळवून वायरमनकडून प्रवाह बंद करवावा. ओल्या फांदींतून वीज वाहते.

परवानगी

आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग, ऐन, किंजळ हीं झाडें आपल्या जमिनींत असलीं तरी वृक्षतोडीचें नियमन करणाऱ्या १९६४ च्या राज्य कायद्याच्या सूचींत येतात. म्हणून मोठ्या फांद्या उतरविण्यापूर्वीं वन खात्याच्या कचेरींत विचारून घ्यावें. शहापूर अथवा मुरबाड गांवांत राहणाऱ्यांनीं नगरपंचायतींतहि चौकशी करावी.

आजोबांनीं लावलेला आंबा नातवास फळ देतो. एका सकाळच्या अडाणी तोडीनें तो दहा वर्षांत पोकळ होतो. शेतकरी बंधुभगिनींनीं यंदा वैशाख लागण्यापूर्वीं आपल्या अंगणांतील झाडें एकदां नीट पाहावींत, जाणत्या माणसास सांगावा धाडावा आणि त्याच्या विम्याचे वीस रुपये छाटणीच्या खर्चांत पहिल्या ओळींत मांडावेत.