ओझोन बसवला म्हणजे क्लोरिन बंद?

प्रश्न : सोसायटीच्या तलावात पोहून आल्यावर मुलांचे डोळे चुरचुरतात. पर्यावरणपूरक ओझोन यंत्रणा बसवली, तर क्लोरिन पूर्ण बंद करता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ओझोन जरूर वापरा, पण क्लोरिन पूर्ण बंद करू नका. ओझोन जागेवरच, ऑक्सिजनमध्ये विद्युत विसर्ग घडवून तयार करतात. क्लोरिनला सहजी दाद न देणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवी जंतूलाही तो झटपट निकामी करतो आणि शेवटी त्याचा पुन्हा ऑक्सिजन होतो. मात्र तो पाण्यात फार काळ टिकत नाही. पोहणाऱ्यांबरोबर सतत येणाऱ्या जंतूंसाठी तलावात लिटरला किमान १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन हवेच, पीएच ७.२ ते ७.८ ठेवा.

डोळे चुरचुरतात ते बहुधा घाम आणि लघवीशी क्लोरिनचा संयोग होऊन बनणाऱ्या क्लोरामाइन्समुळे. ओझोनमुळे त्यांचे प्रमाण घटते, क्लोरिनही कमी लागते.

ओझोन श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना घातक आहे. म्हणून तो यंत्रखोलीतल्या बंद टाकीतच पाण्यात मिसळावा, उरलेला ओझोन सक्रिय कोळशाच्या गाळणीत नष्ट करून मगच पाणी तलावात सोडावे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती ओळखणारे यंत्र जमिनीलगत बसवा.

आणि खर्चाआधी एक नियम काटेकोर पाळा : साबण लावून अंघोळ केल्याशिवाय कुणीही तलावात उतरायचे नाही.