रिंगची फट आधी मोज गं

मिस्त्रीने दिलेली यादी बघून छातीत धस्स झालं ना? पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंग, व्हॉल्व्ह, गॅस्केट, आणि वर प्रत्येकाच्या तीन-तीन कंपन्या. थांब, पाणी पी. केळीच्या बागेचा सगळा हिशोब तू एकटी सांभाळतेस, मग हेही जमेल तुला.

बघ, तुमच्या बोलेरो पिकअपचं 2523 सीसीचं टर्बो डिझेल इंजिन बांधायचंय. ते मुक्ताईनगरहून सावद्याला केळी वाहणार, तेही मे महिन्यात पारा 45 कडे झुकलेला असताना. शर्यतीला नाही जाणार. म्हणून कोणी फोर्ज्ड पिस्टनचा आग्रह धरला तर सरळ नाही म्हण. फोर्जिंग वाईट नाही गं, क्रँकशाफ्टसाठी तर तेच हवं. पुण्याच्या भारत फोर्जने त्यातच नाव कमावलं. पण फोर्ज्ड पिस्टन तापला की जास्त फुगतो, म्हणून त्याला सिलिंडरमध्ये मोकळीक जास्त ठेवावी लागते आणि सकाळी थंड इंजिन खडखडतं. तुला मूळ धाटणीचाच चांगला पिस्टन घे. टर्बो डिझेलच्या पिस्टनला सहसा वरच्या रिंगच्या खाचेत लोखंडी कडं ओतलेलं असतं, ॲल्युमिनियमच्या रंगात ते गडद पट्ट्यासारखं उठून दिसतं. जुना पिस्टन शेजारी ठेव. जुन्यात पट्टा आहे नि नव्यात नाही, तर डबा तिथेच परत कर.

खरं सांगू का, कंपनीच्या नावापेक्षा माप मोठं. आधी बोअर मोजून घे, मग पिस्टनचं माप ठरव, आणि पिस्टन हातात आल्यावरच लेथवाल्याला बोअर मारू दे. क्रँकचंही तसंच. मायक्रोमीटर लावल्याशिवाय 0.25 की 0.50 अंडरसाइज बेअरिंग, हे कोणी सांगू नये. काही क्रँकचा वरचा थर नायट्रायडिंगने कठीण केलेला असतो. घासताना तो गेला तर पुन्हा करून घ्यावा लागतो. हे स्पष्ट विचार, लाजू नकोस.

आणि रिंग बसवताना तू तिथे उभी राहा. रिंग सुटीच सिलिंडरमध्ये सोडायची, पिस्टन उलटा धरून त्याच्या माथ्याने सरळ खाली ढकलायची, मग दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेज घालायचा. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा फट कमी भरली तर टोक हळूच कानशीने घासायचं. टर्बोच्या उष्णतेने रिंग फुगते. टोकं एकमेकांना भिडली की ती सिलिंडरला ओरखडे पाडते, कधी पिस्टनचा काठच तोडते. चारही सिलिंडरचं माप वहीत लिहून घे. मिस्त्री हसेल, हसू दे.

हेड गॅस्केटची जाडी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावर ठरते, तेवढं मोजायला सांग. हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतील तर नवेच घे.

आता पैशांचं. टर्बो आणि तेलाच्या बाबतीत काटकसर करू नकोस. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तोही इंजिनच्याच तेलाच्या पातळ थरावर. जुन्या बेअरिंगचा चुरा ऑइल कूलरमध्ये अडकून राहिला तर नव्या बेअरिंगबरोबर टर्बोही जाईल. म्हणून कूलर नीट धुऊन घे, नाही निघाला चुरा तर बदल, आणि टर्बोची तेलनळी नवी टाक. बजेट ताणलंच तर केबिनच्या रंगाचं काम दिवाळीनंतर काढ.