अंगावरच्या रेघा आणि गजकर्णाचे मलम



बाळंतपणानंतर पोटावर राहणाऱ्या पांढऱ्या रेघा घरोघरी ठाऊक आहेत. पण तशाच रेघा तरण्या पोरांच्या जांघेत, काखेतही उठतात. त्यांचे कारण निराळे असते, आणि ते टाळता येण्यासारखे असते. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

कातडी वरून एकसंध दिसली तरी तिला थर आहेत. वरचा थर पातळ. त्याखालच्या जाड थरात कोलॅजन व इलॅस्टिन नावाच्या तंतूंची वीण असते. कातडी ओढून सोडली की परत जागेवर बसते, ती या विणीमुळे. साखरेचे पोते डोळ्यांपुढे आणा. ठासून भरले की तागाचे धागे सरकतात, काही तुटतात. पोते फुटत नाही, पण तेवढ्या जागी वीण विरळ होते. कातडीचेही तसेच. मोडतोड आतल्या थरात होते, वर फक्त रेघ दिसते. आधी ती लालसर-जांभळी असते, कधी खाजते, आणि पुढे पांढरी पडते.

गरोदरपणी निम्म्याहून जास्त बायकांना बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत या रेघा येतात. आईला असल्या तर लेकीलाही येण्याचा संभव अधिक. बाळाला केस फुटतात म्हणून आईच्या अंगाची आग होते, ही बायकांची समजूत चरकसंहितेत नोंदलेली आहे, आणि तिथेच आत्रेयांनी ती खोडूनही काढली आहे! गर्भाच्या दाबाने आग होते, मग खाज सुटते आणि त्यातून 'किक्किस' उठते, असे ते सांगतात. खोबरेल लावल्याने खाजेला आराम पडेल, पण कोणत्याही तेलाने रेघ टळते असे सिद्ध झालेले नाही. महागड्या क्रीमच्या पैशांत डाळ-अंडी आणावीत, असे आम्हाला वाटते.

वयात येताना पोरगा भराभर उंच झाला की पाठीवर आडव्या रेघा येतात. वळ समजून घरचे विचारतात, "कुणी मारलं का रे?" त्याला औषध नको.

आता मलमाचे. रात्री उसाला दारं धरताना कपडे ओले, जांघ ओली. गजकर्ण तिथे मुक्काम करते. दुकानातून ट्यूब आणली जाते. दोन दिवसांत खाज थांबते, कारण तिच्यात बहुधा स्टिरॉइड असते. गजकर्ण मात्र आत पसरत राहते, म्हणून ट्यूब पुन्हा आणावी लागते. स्टिरॉइडमुळे नवे कोलॅजन तयार होणे मंदावते आणि वीण कुजक्या पोत्यासारखी होते. अशा पोत्याला थोडे ओझेही पुरते. जांघेची कातडी मुळात पातळ आणि घडीची, तिथे मलम जास्त मुरते. मग रुंद, जांभळे पट्टे उठतात आणि ते जन्माचे राहतात. लेसरने फिके होतात, जात नाहीत.

2018 साली केंद्र सरकारने अशी 14 स्टिरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. तरी ट्यूब घेताना क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन ही नावे वाचून पाहा. पोराला वाचायला लावा. गजकर्णाला बुरशीचे साधे औषध डॉक्टर देतील. ते त्यांनी सांगितले तितके दिवस लावायचे, खाज थांबली म्हणून मध्येच सोडायचे नाही.

मलम लावलेले नसताना पोटावर रुंद जांभळ्या रेघा, सुजल्यासारखा गोल चेहरा आणि वाढलेले ब्लडप्रेशर एकत्र दिसले, तर तालुक्याच्या दवाखान्यात दाखवावे. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र हा लेख वाचून एकाएकी बंद करू नयेत.