प्रपंचाचे मोजमाप आणि परमेश्वराचे ज्ञान

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वरचे धरण आहे. नदीच्या वरच्या अंगास येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी ही जोडी १९६०च्या दशकात उभी राहिली. याच तालुक्यात दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये अंतिम मान्यता दिली. याच जिल्ह्याची भूमी अलीकडच्या वर्षांत वारंवार हादरली आहे. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ या दोन्ही दिवशी सकाळी बसलेल्या धक्क्यांची तीव्रता ४.५ इतकी नोंदली गेली.

अशा भूमीत दोन प्रश्न सहजच उत्पन्न होतात. विज्ञान शिकणारा तरुण विचारतो की, कोट्यवधी वर्षांपूर्वी आकाशात घडलेली घटनाही यंत्राने मोजता येत असेल, तर परमेश्वराला मानण्याचे कारण काय उरले? घरातील वडीलधारे विचारतात की, पायाखालची जमीन थरथरते, हा कोणाचा कोप समजावा? वरवर पाहता हे प्रश्न परस्परविरुद्ध दिसतात. परंतु सूक्ष्म विचार केला असता दोहोंच्या मुळाशी एकच भ्रम आढळतो. दोघेही परमेश्वराला प्रपंचाच्या घडामोडींत शोधतात. तो तेथे दिसत नाही म्हणून एक त्याला नाकारतो आणि तो तेथे दिसला असे वाटून दुसरा भितो.

या भ्रमाच्या निरसनासाठी पदार्थविचाराकडे वळले पाहिजे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या निरूपणानुसार जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व अनादी आहेत. जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध आणि परमेश्वर नित्यमुक्त. प्रपंच कारणरूपाने नित्य असून कार्यरूपाने अनित्य आहे. एक पदार्थ दुसऱ्याचे रूपांतर नव्हे, की दुसऱ्याचा अंशही नव्हे. या भेदाचे भान राखले म्हणजे कोणत्या प्रश्नाचे उत्तर कोठे मागावे, हेही कळते. कार्यरूप प्रपंच इंद्रियांना गोचर होतो, त्याचे मापन होते, त्याच्या नियमांचे गणित मांडता येते. विज्ञानाचा अधिकार याच क्षेत्रात आहे आणि येथे तो पूर्ण आहे.

हा अधिकार केवढा मोठा आहे, हे प्रथम मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. गुरुत्वीय लहरींचे भाकीत आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये केले. ती लहर प्रत्यक्ष सापडली १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांमध्ये. प्रत्येक वेधशाळेला काटकोनात पसरलेल्या चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आहेत. लेसरचा किरण दुभंगून तो दोन्ही भुजांत धाडतात, टोकांच्या आरशांवरून परतलेले प्रकाश एकत्र आणतात आणि भुजांच्या लांबीत पडलेला फरक पाहतात. त्या दिवशीचा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही लहान होता. त्यावरून निष्पन्न झाले की, सुमारे १.३ अब्ज प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. अशा क्षीण खुणा यंत्राच्या गोंगाटातून वेगळ्या काढण्याच्या गणिती पद्धतींत पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर यांचे कार्य मोलाचे ठरले आहे.

येथे पूर्वपक्ष असा की, इतके सूक्ष्म जाणणाऱ्या यंत्राला जो सापडत नाही, तो नाहीच. त्याचे समाधान असे. हे यंत्र लांबीतील फरक मोजते, म्हणून त्याला जे सापडेल ते लांबीत फरक पाडणारेच असेल. तराजूने वजन कळते, अर्थ कळत नाही. पोथी तराजूत घातली तर कागदाचे वजन मिळेल. त्यावरून पोथीत अर्थ नाही असे अनुमान काढले, तर दोष तराजूचा नसून अनुमान काढणाऱ्याचा आहे. परमेश्वर प्रपंचातील एक वस्तू असता तर मापनात आला असता. तो प्रपंचाहून भिन्न आहे हा तर सिद्धान्तच आहे.

मात्र याच न्यायाने श्रद्धावंतालाही आवर घातला पाहिजे. एखादा नवा शोध लागताच तो आमच्या शास्त्रात पूर्वीच सांगितला आहे असे म्हणणे, किंवा त्यातून परमेश्वर सिद्ध झाला असा घोष करणे युक्त नव्हे. जो पदार्थ यंत्राने खंडित होत नाही, तो यंत्राने मंडितही होत नाही. आजच्या सिद्धान्ताला श्रद्धा बांधली आणि उद्या तो सिद्धान्त बदलला, तर श्रद्धेचे काय होईल, याचा विचार अशा उत्साहात राहून जातो. सिद्धेश्वरच्या कालव्याचे उदाहरण घ्यावे. धरणापूर्वी शेतकरी केवळ आभाळाकडे पाही. पुढे मोजून काढलेल्या उताराने पाणी शेतापर्यंत आले. ज्याची भक्ती पावसाच्या मागणीपुरती होती, त्याची भक्ती कालव्याला पाणी येताच आटणार. ज्याला परमेश्वरच हवा होता, त्याच्या स्मरणात कालव्याने काहीही उणे केले नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाचा विचार करू. भूकंप ही प्रपंचाची क्रिया आहे. खडकांत साठलेला ताण मोकळा होतो, त्याच्या लहरी पसरतात, भूकंपमापक यंत्रे त्या नोंदवतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेकांचे प्राण मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि माळवदाची जड छपरे झोपेत अंगावर कोसळल्याने गेले. ज्याने याला कोप म्हटले, त्याने मृतांवर पापाचा आरोप ठेवला आणि भिंत मात्र तशीच राहू दिली. कर्मफलाचा सिद्धान्त साधकाने स्वतःच्या आचरणाला शिस्त लावण्यासाठी आहे; दुसऱ्याच्या पडलेल्या घराचा निवाडा करण्यासाठी तो दिलेला नाही. भयापोटी नवस बोलणारा देवतेच्या नाशवंत फळाकडे वळतो. भूकंपाचे कारण शोधून घराच्या भिंती बळकट करणे हे भूतदयेचेच कार्य होय आणि दया ही परमार्गाला परकी नाही.

विज्ञानाच्या पद्धतीतही साधकाने घेण्यासारखे पुष्कळ आहे. सप्टेंबर २०१० मध्ये लायगोच्या यंत्रांत एक सुस्पष्ट खूण उमटली. शास्त्रज्ञांनी महिनोन्‌महिने तिचे विश्लेषण केले, शोधनिबंधाचा मसुदाही तयार झाला. मार्च २०११ मध्ये सर्वांसमक्ष लिफाफा उघडला, तेव्हा समजले की ती खूण परीक्षेसाठी मोजक्या व्यक्तींनी गुप्तपणे पेरलेली होती. आपण फसू शकतो हे जाणून त्यांनी आपलीच परीक्षा योजली होती. खुद्द आइन्स्टाइन यांनी १९३६ मध्ये अशा लहरी नाहीतच असे प्रतिपादन लिहिले होते; दोष ध्यानात आल्यावर ते दुरुस्त करून प्रसिद्ध केले.

ही सत्यनिष्ठा महानुभावांना नवी वाटू नये. लीळाचरित्राच्या रचनेसाठी म्हाइंभटांनी ज्यांनी लीळा पाहिल्या किंवा ऐकल्या होत्या, त्यांच्याकडे जाऊन त्या मिळवल्या आणि श्रीनागदेवाचार्यांसमोर तपासून घेतल्या. पुढे मूळ पोथी हरपल्यावर स्मृतीवरून लीळा पुन्हा सिद्ध झाल्या, तेव्हा जेथे आठवणीत भेद होता, तेथे तो त्या त्या व्यक्तीच्या नावाने ‘वासना’ म्हणून नोंदवला गेला. सोयीचा पाठ ठेवून गैरसोयीचा पाठ लपवावा, असे त्या लेखकांना वाटले नाही. श्रद्धा उत्कट होती म्हणूनच नोंद प्रामाणिक ठेवली गेली.

यावर शेवटची शंका अशी की, परमेश्वर मापनापलीकडचा म्हटल्याने धर्माच्या नावाखाली काहीही सांगण्याची मोकळीक मिळणार नाही काय? मुळीच मिळणार नाही. ज्या विधानाचा विषय प्रपंच आहे, त्याची परीक्षा प्रपंचातच झाली पाहिजे. आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी २००८ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन कार्यकर्त्यांच्या सहकार्याने फलज्योतिषाची परीक्षा घेतली. मुलाची बुद्धिमत्ता कुंडलीवरून ओळखता येते काय, हा प्रश्न होता. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्यांची उत्तरे पाठवली. सरासरी सुमारे ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी यापेक्षा कमी आली नसती. ग्रहांवरून भविष्य सांगणे हे प्रपंचाविषयीचे विधान आहे, म्हणून ही परीक्षा न्याय्य होती, आणि तिच्या निष्कर्षाने परमेश्वरश्रद्धेला यत्किंचितही धक्का पोहोचत नाही.

परमेश्वराच्या ज्ञानाची रीत निराळी आहे. ते जीवाने बळाने हस्तगत करावयाचे नाही. परमेश्वर कृपेने देतो तेव्हा ते प्राप्त होते, आणि जीवाच्या वाट्याला योग्यता, अनुसरण व स्मरण येते. त्याचीही कसोटी आहे, ती आचारात. ज्याच्या ठिकाणी हिंसा कमी झाली नाही, अहंता ओसरली नाही, त्याने श्रद्धेचा कितीही उच्चार केला तरी तो कसोटीला उतरत नाही.

म्हणून सिद्धेश्वर-औंढा परिसरातील जे विद्यार्थी उद्या त्या वेधशाळेत काम करू इच्छितात, त्यांना घरातील वडिलांनी नास्तिकतेच्या भयाने रोखू नये. आणि त्या विद्यार्थ्यांनीही गणित येऊ लागले म्हणून आजीच्या नामस्मरणाला हसू नये. यंत्रापुढे बसताना मोजमाप निर्दोष ठेवावे, कारण तेथे असत्य नोंद करणे हा अधर्म आहे. स्मरणाला बसताना मोजमापाची अपेक्षा ठेवू नये, कारण तेथे मोजावयाचे काही नाही. प्रपंचाला प्रपंच म्हणून जाणणे ही परमेश्वराला परमेश्वर म्हणून जाणण्याची पूर्वतयारी होय, आणि पदार्थविचाराचा अभ्यास येथूनच आरंभ करावयाचा असतो.