ड्रॉप सेट की साधे सेट?

प्रश्न : आठ वर्षं जिम करतोय. वर्षभरात छाती-दंड वाढलेले नाहीत. साधे सेट सोडून ड्रॉप सेट सुरू करू का?
– एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : साधे सेट सोडू नका. एकूण काम सारखं असेल तर दोन्ही पद्धतींनी स्नायू जवळपास सारखेच वाढतात, असं अभ्यासांत दिसलंय. ड्रॉप सेटने वाचतो तो वेळ. २० किलोच्या डंबेलने कर्ल मारून हात थकले की लगेच १५, मग १० किलो. दोन-तीन मिनिटांत काम आटोपतं. ताकद वाढवायची तर मात्र जड वजन आणि दोन सेटमध्ये तीनेक मिनिटं विश्रांती हवीच. म्हणून स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच जुन्याच पद्धतीने करा. ड्रॉप सेट शेवटच्या कर्ल, लॅटरल रेजपुरता, आठवड्यातून एकदोनदा. दमलेल्या कंबरेने डेडलिफ्ट ओढणारी मुलं पाहिली की माझा जीव खालीवर होतो.

आधी वही काढा. वर्षापूर्वी बेंचवर किती किलो, किती रेप्स होत्या? आकडा तोच असेल, तर झोप कमी पडतेय की डाळ-अंडी, ते बघा. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडमधल्या जिममध्ये तेव्हा संध्याकाळी नको, पहाटे जा.