नागीण, कमजोर प्रतिकारशक्ती आणि एक तासाची सलाईन



वस्तीत कुणाच्या कमरेवर, छातीवर किंवा कपाळावर पाण्याने भरलेल्या पुळ्यांचा पट्टा उठला की पहिला शब्द कानावर येतो तो नागीण. पुढचे वाक्यही ठरलेले असते, "तिची दोन तोंडे जुळली तर माणूस जगत नाही." मग गेरूचा लेप लागतो, कुणी मंत्र टाकणाऱ्याचे गाव सांगतो आणि दोन-तीन दिवस निघून जातात. धम्मदीक्षा घेऊन मंत्रतंत्र सोडलेल्या आपल्या घरांतही आम्ही हे पाहिले आहे. उपचारासाठी मात्र तेच दोन-तीन दिवस सर्वांत मोलाचे असतात.

नागीण कशी होते?

नागिणीचा सापाशी काहीही संबंध नाही. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. मणक्याजवळ मज्जातंतूंच्या गाठी असतात, तिथे तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने तो कातडीवर येतो. त्या मज्जातंतूचा पसारा शरीराच्या एकाच बाजूला असल्यामुळे पट्टाही बहुतेक वेळा एकाच बाजूला राहतो. तोंडे जुळल्याने कुणी मरत नाही.

खरा धोका वेगळा आहे. प्रतिकारशक्ती फार कमजोर असेल तर पुळ्या अंगभर पसरतात आणि विषाणू फुप्फुस, यकृत किंवा मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. एचआयव्हीसह जगणारे आणि सीडी-४ कमी असलेले, कॅन्सरची केमो घेणारे, किडनी बदललेले, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या खाणारे यांनी पुळ्या दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर पुळ्या, पट्ट्यापासून दूर अंगावर पुळ्या, ताप, धाप, असंबद्ध बोलणे यांपैकी काही दिसले तर १०८ ला फोन करा.

औषध आहे

या विषाणूवरच्या औषधाचे नाव ॲसायक्लोव्हिर. ज्या चमूच्या कामातून ते तयार झाले, त्यातल्या गर्ट्रूड एलियन यांना तरुणपणी बाई म्हणून प्रयोगशाळांनी नोकरी नाकारली होती. पुढे १९८८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या मुलींना हे नाव जरूर सांगा.

प्रकृती चांगली असेल तर बहुतेकांना गोळ्या पुरतात आणि त्या पहिल्या ७२ तासांत सुरू झालेल्या बऱ्या. प्रतिकारशक्ती फार कमजोर असेल किंवा रोग पसरला असेल तर हेच औषध दवाखान्यात भरती करून शिरेतून द्यावे लागते. अशा रुग्णाला ७२ तास उलटून गेले तरी औषध देतात. उशीर झाला म्हणून घरी बसू नका.

आमची एक चूक

नोकरीत असताना आम्ही एका वॉर्डात रात्रपाळीला होतो. केमो घेणाऱ्या एका काकांना ही सलाईन लावली होती. जेवणाचा डबा घेऊन आलेल्या मुलाला शेवटची एसटी गाठायची होती. त्याने नळीवरची चाकी मोकळी सोडली आणि तासाभराची बाटली दहा मिनिटांत संपली. दुसऱ्या दिवशी काकांची लघवी कमी झाली, क्रिएटिनिन वाढले. डॉक्टरांनी डोस बदलला, सलाईनचे पाणी वाढवले आणि आठवड्याभरात किडनी सावरली. यात त्या मुलाची चूक नव्हती. चाकीला हात का लावायचा नाही, हे आम्ही त्याला सांगितलेच नव्हते. म्हणून आज इथे सांगतो आहोत.

हे औषध लघवीवाटे बाहेर पडते. थोड्या पाण्यात जास्त मीठ टाकले की ते तळाशी बसते. तसेच हे औषध घाईने शरीरात गेले किंवा अंगात पाणी कमी असले, तर त्याचे बारीक खडे किडनीच्या नळ्यांत अडकतात.

रुग्णाजवळ बसणाऱ्याने काय पाहावे?

१. वजन : डोस वजनावर ठरतो. नागिणीसाठी साधारणपणे किलोमागे १० मि.ग्रॅ., दर ८ तासांनी. म्हणजे ५० किलोच्या माणसाला एका वेळी ५०० मि.ग्रॅ. अंदाजाने वजन सांगू नका, काट्यावर करून घ्या.

२. किडनीची तपासणी : औषध सुरू करताना आणि नंतर अधूनमधून क्रिएटिनिन तपासतात. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करतात. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर ते आधी सांगा, कारण त्या आजारात किडनीवरही परिणाम होतो.

३. वेळ : प्रत्येक डोस किमान एक तास चालला पाहिजे. ५०० मि.ग्रॅ.ची कुपी विरघळवून १०० मि.ली. सलाईनमध्ये दिली आणि नळी २० थेंबांना एक मि.ली. देणारी असली, तर मिनिटाला ३५ ते ३७ थेंब पडतात. घड्याळ लावून मोजा. थेंब जास्त पडत असतील तर सिस्टरला हाक मारा, चाकी स्वतः फिरवू नका.

४. पाणी आणि लघवी : किती पाणी द्यायचे ते डॉक्टरांना विचारा. हृदयाच्या रुग्णाला जास्त पाणी चालत नाही. लघवी मापून लिहून ठेवा. कमी झाली तर लगेच सांगा.

५. सुईची जागा : हे औषध तीव्र अल्कधर्मी असते. शिरेबाहेर गेले तर मांस जळते. आग, सूज किंवा लाली दिसली की लगेच सलाईन थांबवायला सांगा. हे औषध दंडात किंवा कमरेत टोचत नाहीत.

६. इतर औषधे : डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर देऊ नका, त्या किडनीवर भार टाकतात. एआरटीच्या गोळीतले टेनोफोव्हिरही किडनीवरच अवलंबून असते. म्हणून ती गोळी डॉक्टरांना दाखवा, पण आपल्या मनाने बंद करू नका. एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. लपवून औषध घेण्यापेक्षा डॉक्टरांना सांगून घ्या.

७. भास, थरथर, गुंगी : विशेषतः म्हाताऱ्या आणि किडनी कमजोर असलेल्या रुग्णाला या औषधाने भास होऊ शकतात. "बाहेरचे लागले" म्हणून कुणी अंगारा आणला तर त्याला थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. डोस बदलला की बहुतेक रुग्ण शुद्धीवर येतात.

आणखी एक. पुळ्यांतल्या पाण्याने दुसऱ्याला कांजिण्या होऊ शकतात. पुळ्यांवर खपली धरेपर्यंत त्या झाकून ठेवा. ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत अशा गरोदर बाया आणि तान्ही बाळे यांना दूर ठेवा.

विहारात रविवारी बायाबापड्या जमतात, तेव्हा हे पान मोठ्याने वाचून दाखवा. आपल्यापैकी कुणीतरी उद्या अकोल्याच्या किंवा वाशिमच्या एखाद्या वॉर्डात खाटेजवळ बसलेले असेल. त्याला थेंब मोजता आले आणि न घाबरता प्रश्न विचारता आला, तर एक किडनी वाचेल, कदाचित एक माणूस वाचेल.