दाखला कुणाच्या नावाचा?

मेथीच्या जुड्या लावत होते तेव्हा यादी लागली. हात मातीने भरलेले, म्हणून मोबाइल पुतण्याकडे दिला. त्याने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाला, "काकू, तुझं नाव नाहीये." मी म्हटलं, माहेरच्या आडनावाने बघ. त्याने तेही बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "कोथिंबिरीवर पाणी मारू का?"

ही २०२२ची गोष्ट. एलएलबीच्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, मला बरे गुण पडले होते. वर्षभर पहाटे मार्केट यार्डातून माल आणायचा, मंडईत गाळा लावायचा आणि दुपारी गिऱ्हाईक सुस्तावलं की पोत्यावर बसून प्रश्नसंच सोडवायचे, असं करून मिळवलेले ते गुण. परीक्षेने मला पाडलं नाही, एका दाखल्याने पाडलं. आता माझं एलएलबीचं तिसरं वर्ष चालू आहे आणि मंडईतल्या निम्म्या गाळ्यांवरची पोरंसोरं फॉर्म भरायच्या दिवसांत माझ्याकडे येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा दुखतो, म्हणून एकदा लिहूनच काढते.

आधी माझं गणित कुठे चुकलं ते सांगते. बी.कॉम.ला मला ४४.६७ टक्के. तीन वर्षांच्या एलएलबीसाठी पदवीला खुल्या वर्गातून किमान ४५ टक्के लागतात, इतर मागास वर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४०. मी ओबीसी, तेव्हा निवांत होते. पण नुसत्या जातीच्या दाखल्यावर ही सवलत मिळत नाही, सोबत नॉन-क्रिमीलेयरचा, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचा, दाखला लागतो. माझा दाखला पडताळणीत टिकला नाही. तो नाही टिकला की उमेदवाराला खुल्या वर्गात धरतात. मी खुल्या वर्गात गेले आणि ०.३३ टक्क्याने अपात्र ठरले. "४४.६७ म्हणजे पंचेचाळीसच की हो," असं ज्याला त्याला सांगत फिरले. पण टक्के वर ढकलत नाहीत, हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. भाजीच्या हिशेबात आपण वरचे दोन रुपये सोडून देतो, म्हणून मला वाटलं तिथेही सोडत असतील.

आता दाखल्याचं. लग्नानंतरचं माझं सगळं सासरच्या नावावर. आधार, पॅन, बँक, झाडून सगळं. दाखला काढून देणाऱ्या केंद्रावर गेले, त्यांनी विचारलं उत्पन्न किती, मी गाळ्याचं सांगितलं. नाव विचारलं, आधारवरचं सांगितलं. हे उत्पन्न कुणाचं लावायचं असतं, हा प्रश्न ना त्यांनी केला ना मी. विवाहित बाईची जात जशी माहेरची, तसा तिचा नॉन-क्रिमीलेयरही माहेरच्या, म्हणजे आईवडिलांच्या उत्पन्नावर ठरतो. नवऱ्याचा किंवा सासूचा तिथे संबंध नाही. माझे वडील सासवडकडे दोन एकरांत मटार आणि अंजीर करतात. त्यांच्या उत्पन्नावर दाखला मागितला असता तर काहीच अडचण नव्हती. मी मात्र दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, जातीच्या दाखल्यावर तेच नाव आणि नॉन-क्रिमीलेयरवर भलतंच नाव, भलत्याच कुटुंबाचं उत्पन्न, असा संच जोडला. मधे दुवा म्हणून विवाह नोंदणीचा दाखलाही नाही. कागद तपासणाऱ्याला या दोन वेगळ्या बायका वाटल्या असतील तर त्याचा काय दोष?

तरीही वेळ होती. कागदात त्रुटी निघाली की तसा संदेश येतो आणि दुरुस्तीला काही दिवस मिळतात. मला संदेश आला नाही. म्हणजे आला, पण माझ्याकडे नाही. अर्ज मी इंटरनेटच्या दुकानात भरला होता आणि तिथल्या मुलाने घाईत मोबाइल नंबर आणि ईमेल दुकानाचा टाकला होता. असे शे-दोनशे उमेदवारांचे संदेश त्याच्या फोनवर रोज पडत असणार. बँकेचा ओटीपी मी नवऱ्यालाही सांगत नाही, आणि माझ्या शिक्षणाचा दरवाजा एका अनोळखी पोराच्या खिशात ठेवून आले होते. त्या मुलावर मी आठवडाभर तोंडसुख घेतलं. खरं तर अर्ज पाठवण्याआधी छापील प्रत त्याने माझ्यासमोर धरली होती. मी खाली सही कुठे करायची तेवढं विचारलं.

शेजारच्या ओट्यावरचे नाना तेव्हा म्हणाले, "अगं, मंडई विद्यापीठातनं पास झालीस, मग त्या विद्यापीठाचं काय घेऊन बसलीस!" पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते, इथल्या राजकारणाच्या गप्पांच्या अड्ड्याला जुने लोक मंडई विद्यापीठ म्हणतात, आणि नाना त्याचे आजन्म विद्यार्थी. ते मला घेऊन टिळकांच्या पुतळ्यापाशी गेले. हा पुतळा १९२४ साली बसला. अनावरणाला मोतीलाल नेहरू आले होते. टिळक १८७९चे एलएलबी, मोतीलाल अलाहाबादचे नामांकित वकील. "आणि पुतळा बसला त्याच साली पुण्यात लॉ कॉलेज निघालं," नाना म्हणाले. ते आयएलएसबद्दल बोलत होते. गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश तिथेच शिकले. समोर मंडईची अष्टकोनी इमारत, १८८६ची, आधीचं नाव रे मार्केट. जोतीराव फुले नगरपालिकेत असताना या बांधकामावरच्या खर्चाला विरोध करत होते, त्यापेक्षा शिक्षणावर पैसा घाला म्हणत होते. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव लागलं. नानांना यातून मला नेमकं काय सांगायचं होतं ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. पण वर्ष फुकट गेलं म्हणून रडणं त्या दिवशी थांबलं, हे खरं.

त्या वर्षात वाचनालयातून पुस्तक आणून कॉर्नेलिया सोराबजीबद्दल वाचलं. डेक्कन कॉलेजात शिकलेली ही मुलगी परीक्षेत अव्वल आली, पण इंग्लंडला जायची शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली गेली. लोकांच्या मदतीने ती १८८९ मध्ये ऑक्सफर्डला पोचली, १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली आणि पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं. तिचा अर्ज इतरांनी अडवला होता. माझा मी स्वतःच अडवला होता, म्हणून तिच्याशी बरोबरी सांगत नाही. एवढंच, की तीस वर्षं थांबलेल्या बाईपुढे माझं एक वर्ष मोजायला मला लाज वाटली.

ते वर्ष मी जात पडताळणीला लावलं. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त पोरं इथेच गळतात. जात वैधता प्रमाणपत्र लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, त्याला किती वेळ लागतो हे माहीत नसतं. काही वर्षी शासन मुदत वाढवून देतं, पावती चालवून घेतं. त्या भरवशावर राहू नका. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा द्यावा लागतो. विमुक्त आणि भटक्यांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. म्हणजे स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला पुरत नाही, वडिलांचाही बहुतेकांना पुरत नाही. आजोबा शोधावे लागतात.

माझे आजोबा गावच्या शाळेत दुसरीपर्यंत गेले होते. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, कडा वाळवीने खाल्लेल्या, पानं पापडासारखी. ते पान उलटताना दोन्ही हात लावत होते. एका ओळीवर बोट थांबलं. आजोबांचं नाव होतं, त्यांच्या वडिलांचं होतं, पुढे जात स्पष्ट लिहिलेली, आणि आडनावाच्या जागी काहीच नाही. तेव्हा लिहीत नसत. त्या एका रिकाम्या जागेसाठी वंशावळ, प्रतिज्ञापत्र आणि चुलत्यांचे दाखले गोळा करत पुढचे तीन महिने गेले. त्या रजिस्टरचा निर्गम उतारा मिळाला त्या दिवशी वडिलांनी तो तीन वेळा वाचला. त्यांनी त्यांच्या वडिलांचं नाव शाळेच्या कागदावर कधी बघितलंच नव्हतं.

बाकीचं भराभर सांगते.

सीईटीचा अर्ज आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, म्हणजे कॅपचा, अर्ज हे दोन वेगळे आहेत. परीक्षा दिली, गुण पडले, आता कॉलेज आपोआप मिळेल, असं समजून घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. निकालानंतर कॅपची नोंदणी पुन्हा स्वतंत्र करावी लागते. शिवाय या एका सीईटीने सगळी दारं उघडत नाहीत. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांना क्लॅट लागते, सिम्बायोसिसला त्यांची स्लॅट. सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच सगळीकडे लिहा, बायांनी तर डोळ्यांत तेल घालून. नॉन-क्रिमीलेयरच्या दाखल्यावर तो कुठल्या ३१ मार्चपर्यंत चालतो ते छापलेलं असतं, ती तारीख बघा. श्रेणी किंवा सीजीपीए असेल तर टक्के स्वतःच्या मनाने काढू नका, विद्यापीठाच्या सूत्राने काढा आणि तसा कागद जवळ ठेवा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्व लिहिलेलं आहे का ते पाहा. अधिवास प्रमाणपत्र उन्हाळ्यात काढायला जाऊ नका, तेव्हा सगळं पुणे तिथे असतं.

आमच्या रांगेतला एक मुलगा बारावी न करता मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारीतून पदवीधर झाला. कष्टाळू पोरगा, मार्कही चांगले. "डिग्री ती डिग्री," सगळ्यांनी सांगितलं. पण बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांत स्पष्टीकरण आहे की दहावी-बारावीचा पाया नसताना थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी कायद्याच्या प्रवेशाला चालत नाही. मला हा नियम कठोर वाटतो, पण तो आहे. त्या मुलाने आता बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. हे त्याला पदवीच्या आधी कुणी सांगायला हवं होतं.

वयाची काळजी मात्र सोडा. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा हेच विचारलं होतं, "या वयात घेतील का गं तुला?" बार कौन्सिलने वयाची अट घातली होती खरी, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तिला स्थगिती दिली. काळजी करायची तर हजेरीची करा. ७० टक्के उपस्थिती लागते. त्यामुळे कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना वर्ग किती वाजता भरतात आणि तुमचा धंदा किंवा नोकरी किती वाजता, हे आधी विचारा. मी सकाळचं कॉलेज निवडलं आणि पहाटेचा यार्ड पुतण्याकडे दिला. अशी घरात आधी वाटणी करून घ्या, प्रवेश मिळाल्यावर करायला गेलात तर भांडणं होतात. बाकी पसंतीक्रमात "आपल्याला कुठे मिळणार ते" म्हणून हवं ते कॉलेज खाली ढकलू नका. मनात जसा क्रम आहे तसाच भरा.

विलायतेत म्हणे अर्जासोबत आपल्याला कायदा का शिकायचा आहे ते लिहून द्यावं लागतं. आपल्याकडे कुणी विचारत नाही. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की सासरे गेल्यावर गाळ्याचे कागद सासूबाईंच्या नावावर करताना घरातल्या एकालाही ते वाचून कळत नव्हते, म्हणून. पण तो अर्ज तपासणाऱ्या माणसाला माझं कारण नको होतं, माझ्या वडिलांचं उत्पन्न हवं होतं. पहिल्या वर्षी मला याचा राग यायचा. आता पुराव्याचा कायदा शिकल्यावर येत नाही. हेतू कितीही खरा असला तरी कागद हजर करावाच लागतो, आणि तो ज्याच्याबद्दल आहे त्याच्याच नावाचा असावा लागतो.

२०२३ला अर्ज भरताना मी पुस्तिका आधी पूर्ण वाचली, पेन्सिल घेऊन, दोन दिवस लागले. नंबर माझा, ईमेल माझा, पासवर्ड वहीत. छापील प्रत घरी आणून नवऱ्याला मोठ्याने वाचायला लावली आणि समोर मूळ दाखले ठेवून एकेक अक्षर जुळवलं. त्यात माझ्या जन्मतारखेतला एक आकडा चुकलेला सापडला.

हल्ली आठवड्यातून दोनदा मंडईच्या स्टेशनातून मेट्रो पकडते आणि दुसऱ्या स्टेशनला, जिल्हा न्यायालयाला उतरते. एका वकीलबाईंकडे काम शिकते आहे. बाकी वेळी गाळ्यावर असते. फॉर्म भरायचा असेल तर या, चहा पाजते, फी नाही. फक्त येताना झेरॉक्स आणू नका, मूळ दाखले आणा. आणि दुपारी दोननंतर या, सकाळी गिऱ्हाईक असतं.